किल्ली कोणाच्या हाती होती?

स्तंभ : व्यवहार आणि कायदा



एका वाचक बंधूंचे पत्र नुकतेच हाती आले. त्यांचे धान्याचे दुकान व गोदाम आहे. मुलगा मात्र औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी करतो. कर्ज काढून घेतलेली त्याची दोन वर्षांची मोटार कारखान्याच्या वाहनतळावरून भर दुपारी चोरीस गेली. तेथे जागा अपुरी असल्याने मोटारी एकामागे एक लावाव्या लागतात. म्हणून सकाळी प्रत्येकाने आपली किल्ली फाटकावरील रखवालदाराकडे द्यावयाची आणि त्याने ती आपल्या खोलीतील फळीवर अडकवून ठेवावयाची, अशी पद्धत आहे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली उघडी राहिली. कोणी तरी किल्ली उचलली, मोटार सुरू केली आणि फाटकातून सरळ निघून गेला. व्यवस्थापनाने हात वर केले आणि भिंतीवरील पाटीकडे बोट दाखविले : ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत.’

मुलाने पोलिसांत फिर्याद दिली, परंतु तीत किल्लीचा उल्लेख केला नाही. एका हितचिंतकाने त्याला सल्ला दिला की, ‘किल्ली माझ्याच खिशात होती असे विमा कंपनीला सांग, दुसरी बनवून जमा कर, नाहीतर निष्काळजीपणा म्हणून दावा फेटाळतील.’ वडिलांचे मन या सल्ल्याला तयार होत नाही. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. आता काय करावे? कारखान्यावर दावा लावता येईल काय? आणि तिसरा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या दुकानाविषयी आहे : ‘आमच्या गोदामाबाहेरही तशीच पाटी आहे आणि नोकरांच्या दुचाकींच्या किल्ल्या गल्ल्याजवळच असतात. उद्या आमच्याकडे असे घडले तर?’

हे तिन्ही प्रश्न एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतात : वाहन कोणाच्या ताब्यात होते? तेव्हा क्रमाने पाहू.

पहिले काही तास

मोटार जागेवर नाही असे दिसताच ११२ क्रमांकावर कळवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. चोरीसाठी न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत समक्ष जाऊन तीवर स्वाक्षरी करावी लागते. नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळणे हा खबर देणाऱ्याचा हक्क आहे. नोंद करण्यास नकार मिळाल्यास तीच हकीकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळविण्याचे बंधनही आता पोलिसांवर आहे.

त्याच दिवशी आणखी तीन कामे करावीत. पहिले, जागेच्या मालकाला म्हणजे येथे कारखान्याला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. कॅमेऱ्यांचे चित्रण, फाटकावरील नोंदवही आणि त्या दिवशीच्या रखवालदारांचा हजेरीपट जपून ठेवावा, अशी मागणी त्या पत्रात असावी. कॅमेऱ्याचे जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. पुरावा एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. दुसरे, विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. तिसरे, फास्टॅग बंद करावा आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयास चोरीची लेखी सूचना द्यावी. आपल्या व्यापारी मंडळींच्या मोटारीत पुष्कळदा धनादेश-पुस्तिका, सही केलेले कोरे धनादेश, बिलबुके, शिक्के असा ऐवज असतो. तसे असेल तर बँकेला तात्काळ सूचना द्यावी आणि फिर्यादीत त्या वस्तूंची यादी नमूद करावी.

विम्याचा दावा

केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास चोरीची भरपाई मिळत नाही. स्वतःच्या वाहनाच्या हानीचे संरक्षण, म्हणजे व्यवहारात ज्याला सर्वसमावेशक विमा म्हणतात, तो असावा लागतो. भरपाई मिळते ती पॉलिसीवर लिहिलेल्या घोषित मूल्याच्या मर्यादेत. हे मूल्य वाहनाच्या वयाप्रमाणे घटते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के अशी ही घट आहे. हप्ता थोडा वाचावा म्हणून घोषित मूल्य कमी लिहून घेणाऱ्यांना या काटकसरीची किंमत अशा वेळी कळते.

कंपनी सामान्यतः फिर्यादीची प्रत, नोंदणीपत्र, पॉलिसी, परवाना, दोन्ही किल्ल्या, मालकी हस्तांतरणाचे सही केलेले अर्ज आणि कर्ज असल्यास बँकेचे पत्र मागते. वाहन सापडले नाही तर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात, त्याला महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणतात. गुन्हा खरा, परंतु तपास लागला नाही, असा त्याचा अर्थ. हा अहवाल न्यायालयाने स्वीकारल्याची प्रत दाव्यासाठी महत्त्वाची असते, म्हणून तपास अधिकाऱ्यांकडे चिकाटीने पाठपुरावा करावा. कर्जाचा बोजा असेल तर भरपाई प्रथम बँकेकडे जाते आणि उरलेली रक्कम मालकाला मिळते. दावा चालू आहे म्हणून कर्जाचे हप्ते थांबवू नयेत, पतनोंद बिघडते. दाव्याच्या आधी वाहन सापडल्यास न्यायालयाकडे अर्ज करून ते सुपूर्तनाम्यावर परत घेता येते.

विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला, एवढ्या कारणाने दावा बुडतो असे नाही. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यांचा ट्रॅक्टर चोरीस गेला तेव्हा पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी झाली होती. विमा कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळविले गेले. पोलिसांना तात्काळ कळविले असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला कळविण्यातील विलंबावरून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

आता किल्लीकडे वळू. हितचिंतकाची भीती अगदीच निराधार नाही. वाहनाची वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीची अट असते आणि कंपन्या तिचा आधार घेतात. परंतु न्यायालये तोल राखून पाहतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अशोक कुमार यांच्या प्रकरणात ट्रकचालक किल्ली ट्रकमध्येच ठेवून पत्ता विचारण्यास उतरला होता आणि तेवढ्यात ट्रक चोरीस गेला. तेथेही संपूर्ण दावा नाकारणे न्यायालयाला मान्य झाले नाही. दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देण्यात आली. आपल्या पत्रलेखकांच्या मुलाची स्थिती त्याहून बरी आहे. त्याने किल्ली रस्त्यावर सोडली नव्हती. मालकांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे नेमलेल्या रखवालदाराच्या हाती दिली होती. ही निष्काळजी नव्हे, असे ठामपणे मांडता येईल.

उलट, खोटी किल्ली जमा करण्याचा मार्ग पहा. नव्याने बनविलेली किल्ली आणि वापरातील किल्ली यांतील फरक तपासणीत कळू शकतो. कळला की एका खोट्यामुळे संपूर्ण खरा दावा संशयास्पद ठरतो आणि फसवणुकीचा ठपका वेगळाच येतो. मुलाने फिर्यादीत किल्लीची हकीकत सांगितली नाही, ही चूक अजून दुरुस्त होऊ शकते. तपास अधिकाऱ्यांकडे जाऊन पुरवणी जबाब द्यावा, त्यात किल्ली ठेवण्याची पद्धत, वेळ, रखवालदार यांविषयी सत्य हकीकत लिहून द्यावी आणि त्याची प्रत विमा कंपनीला स्वतःहून पाठवावी. हे जितके लवकर होईल तितके बरे.

कारखान्याची जबाबदारी

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ यात एक जुना आणि सुंदर विचार आहे. एकाने आपली वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या हवाली केली आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत मिळावी असे ठरले, तर त्या व्यवहाराला कलम १४८ प्रमाणे न्यायालयीन भाषेत ‘बेलमेंट’ म्हणतात. आपण त्याला निक्षेप किंवा ठेव म्हणू. कलम १५१ सांगते की, ठेव घेणाऱ्याने त्या वस्तूची तितकी काळजी घ्यावी, जितकी सामान्य विवेकी मनुष्य तशाच स्वतःच्या वस्तूची घेईल. ठेवीसाठी शुल्क घेतले की नाही, यावरून ही पातळी बदलत नाही. तितकी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर मात्र कलम १५२ प्रमाणे ठेव घेणारा सुटतो.

म्हणून प्रश्न येतो तो हवाली करण्याचा. तुम्ही मोटार स्वतः लावली, कुलूप लावले आणि किल्ली खिशात घेऊन कामावर गेलात, तर मालकाने केवळ जागा वापरू दिली. वाहन त्याच्या ताब्यात आले नाही. अशा वेळी चोरीची भरपाई मालकाकडून मिळविणे फार कठीण असते. त्याने सुरक्षेची विशेष हमी दिली होती, किंवा त्याच्या माणसांच्या ठळक हलगर्जीमुळेच चोरी झाली, हे सिद्ध करावे लागते. परंतु किल्ली त्याच्या नेमलेल्या माणसाच्या हाती गेली की चित्र बदलते.

याविषयीचा मार्गदर्शक निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी नवी दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात दिला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका पाहुण्याने आपली मारुती झेन हॉटेलच्या सेवकाच्या हवाली केली. मध्यरात्रीनंतर परतल्यावर ती दुसऱ्यानेच नेल्याचे त्यास कळले. विमा कंपनीने २ लाख ८० हजार रुपये दिले आणि नंतर तिने व मालकाने मिळून हॉटेलविरुद्ध तक्रार केली. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले होते. न्यायालयाने सांगितले की, किल्ली सेवकाच्या हाती देताच वाहन सुस्थितीत परत करण्याचे बंधन हॉटेलवर आले. वाहन का परत करता आले नाही, याचा खुलासा प्रथम हॉटेलने द्यावयाचा आणि आपली निष्काळजी नव्हती हे त्यानेच दाखवावयाचे. स्वतःच्या किंवा आपल्या सेवकांच्या निष्काळजीपणातून निसटण्यासाठी छापील वाक्याचा आडोसा घेता येणार नाही.

पत्रातील प्रकरण हॉटेलचे नसून कारखान्याचे आहे, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. तथापि किल्ली ताब्यात घेण्याची पद्धत कारखान्याचीच होती, खोली उघडी राहिली आणि फाटकावर कोणी अडविले नाही. ठेवीची तत्त्वे येथेही मांडता येतील, आणि पाटी एवढाच बचाव पुरेसा ठरू नये, असे माझे मत आहे. रखवालदार कंत्राटी संस्थेचा असेल, तर नोटीस कारखाना व ती संस्था या दोघांनाही द्यावी. त्यांचा आपापसांतील करार त्यांनी पाहावा. येथे एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाने जर ‘किल्ली माझ्या खिशात होती’ असे कोठेही लिहून दिले, तर कारखान्याविरुद्धची त्याची संपूर्ण बाजू त्याच क्षणी संपेल. जे खोटे विम्यासाठी सोयीचे वाटते, तेच त्याचा दुसरा हक्क हिरावून घेईल.

एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही. विमा कंपनीने पैसे दिल्यावर कारखान्याकडून वसुलीचा हक्क तितक्यापुरता तिच्याकडे जातो. घोषित मूल्यात न बसलेली हानी, गाडीतील वस्तू, दरम्यानचा प्रवासखर्च यांची मागणी मालकाने स्वतः करावयाची असते.

दाद कोठे मागावी?

विमा कंपनीने दावा नाकारल्यास प्रथम तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ही सोय व्यक्तींना, तसेच एकल मालकीच्या व्यवसायांना व सूक्ष्म उद्योगांना आहे.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. आयोगाची पायरी दिलेल्या मोबदल्यावरून, म्हणजे विम्याच्या बाबतीत हप्त्याच्या रकमेवरून ठरते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मोटार पेढीच्या नावावर असल्यास ‘व्यापारी हेतू’ म्हणून तक्रार चालणार नाही, असा गैरसमज आपल्याकडे आहे. २०२३ साली हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, नफा मिळविण्यासाठी नव्हे. त्यामुळे व्यापारी पेढीसही विमा कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते.

कारखान्याविरुद्ध मात्र मार्ग वेगळा आहे. विनामूल्य दिलेली सेवा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत येत नाही. नोकराला फुकट मिळालेल्या वाहनतळासाठी म्हणूनच दिवाणी न्यायालयाचा दरवाजा अधिक योग्य आहे, आणि तेथे सामान्यतः तीन वर्षांच्या आत जावे लागते. नोकरी टिकवावयाची असल्यास आधी व्यवस्थापनाशी लेखी बोलणी करावीत. ताज प्रकरणातील निवाडा पुढे ठेवल्यावर पुष्कळ व्यवस्थापने तडजोडीस तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या स्वतःच्या दाराशी

आता पत्रातील तिसऱ्या प्रश्नाकडे. आपल्यापैकी अनेक जण नोकरही आहेत आणि मालकही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत सत्यव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि न्यासापहार, म्हणजे ठेवीचा अपहार, हे दोन्ही एकत्र येतात. अचौर्यव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे, येते. निष्काळजीने गमावलेली ठेव म्हणजे अपहार नव्हे, हे खरे. पण आपल्या हाती कोणी किल्ली दिली, तर तो न्यास आहे, ही जाणीव श्रावकाला कायद्याच्या आधी असावयास हवी.

म्हणून पेढी, गोदाम, मंगल कार्यालय किंवा धर्मशाळा चालविणाऱ्यांना माझी विनंती आहे. शक्य असेल तेथे किल्ल्या घेऊच नयेत. जागा आखून द्यावी आणि किल्ली ज्याची त्याने ठेवावी. घ्याव्याच लागत असतील, तर क्रमांकाची चकती द्यावी, किल्ल्या कुलपाच्या पेटीत ठेवाव्यात, चकती पाहिल्याशिवाय वाहन बाहेर सोडू नये आणि रखवालदार जेवावयास जाताना त्याच्या जागी दुसरा असावा. फाटकावर नोंदवही व कॅमेरा असावा. पाटीच्या भरवशावर राहू नये. रखवालीच्या कंत्राटात चोरीच्या जबाबदारीचे कलम स्पष्ट लिहून घ्यावे. नोकराची दुचाकी आपल्या हलगर्जीने गेलीच, तर त्याने नोटीस देण्याची वाट पाहू नये. त्याच्या दृष्टीने ती वर्षाची बचत असते.

चोरीच्या मोटारी पुष्कळदा सुटे भाग होऊनच बाजारात येतात. बिलाशिवाय निम्म्या किमतीत मिळणारा भाग घेताना हे स्मरावे. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसे मानण्यास कारण असतानाही स्वीकारणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्यासही तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे.

पत्रलेखक बंधूंना माझे उत्तर असे आहे. मुलाला उद्याच पोलीस ठाण्यात पाठवून पुरवणी जबाब नोंदवा. विमा कंपनीला सत्य हकीकत लेखी कळवा आणि हाती असलेली एकच किल्ली, दुसरी कोठे होती या खुलाशासह, जमा करा. कारखान्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस द्या. ७५ टक्के मिळाले तरी ते निर्भयपणे घेता येतील आणि उरलेल्यासाठी कारखान्याकडे मागणी करता येईल. आणि जबाब देऊन परत आल्यावर, आपल्या गल्ल्याजवळच्या किल्ल्यांसाठी एक कुलपाची पेटी करून घ्या.

जय जिनेंद्र.